साताऱ्यात हायवेलगत घर घ्यावं का? (खेड – बॉम्बे रेस्टॉरंट पट्टा)

गोडोलीकरीण:
नमस्कार मंडळी. आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे. जेवताना कुणी काढला की मुलगा ताट उचलून टीव्हीपुढे जाऊन बसतो, इतका चघळून झालाय. म्हणून इथे विचारते.

गोडोलीत भाड्याने राहतो. दोन घरं मनात आहेत. पहिलं खेडच्या बाजूला, पुणे-बंगळूर हायवेच्या पूर्वेला, रो हाऊस. खाली हॉल, किचन आणि मागे एक खोली, वर दोन बेडरूम, गच्ची, पुढे गाडी लागेल एवढी जागा. सेवारस्त्याला लागून एक मोकळा प्लॉट आहे, त्याच्या मागे यांची पहिली रांग, आमचं घर त्यातलं. बिल्डर ५८ लाख म्हणतो, बसून बोललं तर खाली येईल असं वाटतं. दुसरा शाहूपुरीत टू बीएचके फ्लॅट, दुसरा मजला, लिफ्ट आहे, ६१ लाख. तो मालक एक रुपया कमी करणार नाही असं पहिल्या फोनलाच म्हणाला.

आमचे हे शिरवळला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. कंपनीची बस बॉम्बे रेस्टॉरंट चौकात येते, रो हाऊसवरून चालत जाता येईल. शाहूपुरीतून गाडी काढून यायचं म्हणजे पोवई नाक्यावरून सगळं गाव ओलांडायचं. सासूबाई ७४ वर्षांच्या, झोप फार सावध. मुलगा नववीत. मी घरून हिशेबाची कामं करते.

दुपारी बघायला गेलो तेव्हा हायवेची घरघर होती, पण बोलणं ऐकू येत नाही असं काही नाही. बिल्डर म्हणतो, "ताई, आठ दिवसांत कानाला सवय होते." चुलतसासरे म्हणतात हायवेलगतची जागा सोडायची नसते. माझी आई म्हणते फुकट दिली तरी नको. तिथे राहणाऱ्यांनी खरं खरं सांगा.

कृष्णानगरचा_बाळ्या:
ताई, मी हायवेच्या कडंलाच ल्हानाचा मोठा झालो. सवय हुती, बिल्डर खोटं बोलत नाय. मला तर गावी मामाकडं गेल्यावर शांततेनं झोप यायची नाय. पण पावणं आलं की दुसऱ्या दिवशी डोळं लाल करून बसत्यात. आणि एक, टीव्हीचा आवाज आमच्या घरात कायम मोठा. सगळेच मोठ्यानं बोलतो. बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं भांडणं चाललीत.

माहुलीकर:
शाहूपुरी. विषय संपला.

अजिंक्यताऱ्याखाली:
विषय कसा संपला? शाहूपुरीत आमच्या बिल्डिंगसमोर गणपतीत डीजे, लग्नसराईत डीजे, निवडणुकीत डीजे. हायवे निदान गाणी तरी लावत नाही.

चुना_विटा_वाळू:
मी स्थापत्यवाला. पुण्यात कामं करतो, घर साताऱ्यात. गोडोलीकरीण, तुम्ही दुपारी बघून आलात, त्यावरून काहीही ठरवू नका. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

लोकांना वाटतं रात्री वाहनं कमी होतात म्हणजे आवाज उतरतो. डेसिबलचा हिशेब तसा चालत नाही. वाहनं निम्मी झाली तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. शिवाय रात्री कार कमी होतात, ट्रक नाही. रस्ता मोकळा म्हणून वेग वाढतो, आणि ताशी ५०-६० किलोमीटरच्या वर गेलं की कारचा आवाज मुख्यतः टायरचा असतो. म्हणजे रात्रीची पातळी दिवसापेक्षा फार खाली येत नाही, पण आजूबाजूचं सगळं शांत होतं आणि हायवे तेवढा उरतो.

अंतराचंही तसंच. लाउडस्पीकरपासून दुप्पट लांब गेलात तर ६ डेसिबल कमी होतात. हायवे हा एका जागचा आवाज नाही, लांबच लांब रेघ आहे, त्यामुळे अंतर दुप्पट केल्यावर फक्त ३. समजा रस्त्यापासून २० मीटरवर ७५ आहे. मग ४० मीटरवर ७२ आणि ८० वर ६९. "आमचं घर हायवेपासून चांगलं लांब आहे" या वाक्यात एवढाच दम असतो. खरा फरक पडतो तो मध्ये काहीतरी भरीव उभं असेल तर. घरांची सलग रांग आडवी असेल तर मागच्या रांगेला फार मोठा आराम मिळतो. तुमचं घर पहिल्या रांगेत आहे, म्हणजे मागच्यांना आराम देण्याचं काम तुमचं.

झाडं लावू म्हणाल तर अशोकाच्या एका रांगेने काही होत नाही. डोळ्याला बरं वाटतं. झाडांनी आवाज अडवायचा तर दाट झाडीचा २५-३० मीटर रुंद पट्टा लागतो. कंपाउंड भिंत उपयोगी, पण ती रस्ता नजरेआड करत असेल तरच. खाली अंगणात फरक पडेल. वरच्या बेडरूमच्या खिडकीतून ट्रकचं टप दिसत असेल तर भिंत असून नसल्यासारखी. आणि त्या पट्ट्यात हायवे उड्डाणपुलासाठी भरावावर चढतो हे विसरू नका. रस्ताच तुमच्या पहिल्या मजल्याच्या उंचीला असेल तर भिंतीचा विचार सोडा.

वाऱ्याचं शेवटचं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, आणि तुम्ही हायवेच्या पूर्वेला. वारा आवाज घेऊन तुमच्याकडे येणार, त्यात ओल्या रस्त्यावर टायर जास्त वाजतात. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, तेव्हा वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो. डिसेंबरात पहाटे लांबच्या हायवेचा आवाज जवळ आल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी घर बघणं बिल्डरच्या सोयीचं.

माहुलीकर:
एवढं लिहून शेवटी शाहूपुरीच ना?

चुना_विटा_वाळू:
नाही. मी अजून खिडक्यांवर आलोच नाही.

एसटीतला_जुना:
गोडोलीकरीण ताई, उभी नोकरी स्टिअरिंगवर गेली. इंजिनिअर साहेब बोलले ते बरोबर असेल, पण मी सांगतो ते बघायला मीटर लागत नाही. घराच्या समोर रस्त्यावर गाडी काय करते ते बघायचं.

सपाटीला गाडी आपल्या लयीत चालली असंल तर नुसती सरसर. तिचा त्रास कमी. जिथं चढ लागतो तिथं गिअर पडतो, इंजिन ओरडतं. जिथं रम्बलर, म्हणजे रस्त्यावर आडवे उंच पट्टे, मारलेत तिथं प्रत्येक गाडी धडधडत जाणार, आणि रिकामा ट्रक भरलेल्याच्या दुप्पट वाजतो. फाळका, साखळ्या, जॅक, सगळं नाचतं. पुलाच्या सांध्यावर दणका बसतो, वेण्णेच्या पुलावरनं गेलाय तर माहीत असंल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सेवारस्ता हायवेला मिळतो ती जागा. तिथं आत घुसणारा पण हॉर्न मारतो आणि मागनं येणारा पण. सारखी सरसर माणसाला झोपवते, मधनंच आलेला हॉर्न उठवतो.

बॉम्बे रेस्टॉरंटच्या आसपास रात्री ट्रॅव्हल्स थांबतात. एसी चालू ठेवायचा म्हणून इंजिन बंद करत नाहीत. वर "कोल्हापूर, कोल्हापूर, बेळगाव" ओरडणं. तुमचं घर त्या थांब्यापासून किती लांब हे रात्री अकरानंतर जाऊन बघा. शुक्रवारी रात्री पुण्याकडनं येणारी बाजू भरलेली असते, रविवारी संध्याकाळी जाणारी. साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॅक्टरला टेप लावलेला असतो, त्याचा आवाज ट्रॉलीच्या आधी येतो.

गोडोलीकरीण:
काका, हे कुणीच सांगितलं नव्हतं. रम्बलर आहेत का ते बघितलंच नाही. चुना_विटा_वाळू, खिडक्यांचं लिहा ना. बिल्डर म्हणतो जाड काच लावून देतो.

चुना_विटा_वाळू:
काच कितीही जाड लावा, स्लायडिंग खिडकी असेल तर पैसे पाण्यात. सरकत्या पाल्याच्या रुळात फट ठेवावीच लागते, नाहीतर ती सरकणार नाही. त्या फटीला ब्रश लावतात, तो धूळ अडवतो, आवाज नाही. भोक असलेल्या बादलीला जाड पत्रा वापरून काय उपयोग? बाहेर उघडणारी, रबरी पट्टीवर दाबून बंद होणारी खिडकी घ्या. काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये चिकट पापुद्रा असलेली. डबल ग्लास घेणार असाल तर दोन्ही काचा वेगळ्या जाडीच्या घ्या, सारख्या जाडीच्या एकाच सुरावर एकदम हलतात.

मोघम आकडे सांगतो. खिडकी उघडी असली तर घरात आवाज बाहेरच्यापेक्षा १० ते १५ डेसिबलने कमी. साधी स्लायडिंग बंद केली तर २० च्या आसपास. नीट बसवलेली दाबाची खिडकी आणि लॅमिनेटेड काच असेल तर ३० च्या पुढे. आहे त्या खिडकीच्या आतून, मध्ये वीतभर अंतर सोडून दुसरी खिडकी बसवणं हाही चांगला आणि स्वस्तातला उपाय आहे. चारचौघांत वाईट दिसतं म्हणून कुणी करत नाही.

बाथरूमची काचपट्ट्यांची जाळी, एक्झॉस्ट फॅनचं भोक, दाराखालची फट हे पण बघा. आणि भिंत कशाची आहे विचारा. जड भिंत आवाज अडवते, हलक्या ब्लॉकची चार इंची भिंत तेवढी अडवत नाही.

वाई_टू_सातारा:
हे सगळं ठीक, पण एप्रिलमध्ये साताऱ्यात खिडक्या घट्ट लावून कोण झोपतं? आमच्याकडे संध्याकाळी वारा सुटला की सगळं घर उघडं. खिडक्या बंद म्हणजे एसी आला, एसी म्हणजे बिल, आणि लाईट गेली की घामाघूम. हायवेचं घर घेणार असाल तर ३ लाख कमी झाले हे विसरा, ते तिथेच जातील.

चुना_विटा_वाळू:
मुद्दा बरोबर आहे. उपाय एवढाच की झोपायच्या खोल्या मागे हव्यात आणि मागच्या बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवता आल्या पाहिजेत. घराची स्वतःचीच सावली आवाजाला पडते. पुढे जिना, बाथरूम, किचन. आपल्याकडे मास्टर बेडरूम पुढे काढतात कारण बाल्कनी रस्त्यावर पाहिजे.

रातराणी_सिस्टर:
मी सिव्हिलला नाइट करते, म्हणून वेगळं दिसतंय ते लिहिते. सगळे सासूबाईंच्या झोपेवर बोलतायत. गोडोलीकरीण ताई, तुमचे मिस्टर शिफ्टला आहेत ना? त्यांची नाइट असेल तेव्हा ते सकाळी नऊ ते दुपारी तीन झोपणार. त्या वेळी हायवे ऐन भरात असतो. घरातल्या सगळ्यात जास्त आवाजात झोपणारा माणूस तो. ज्याच्या बसच्या सोयीसाठी घर घेताय त्याचीच झोप जायची.

सवयीचं पण सांगते. बाळ्यादादा म्हणतात ते खरं आहे, काही दिवसांनी जाग येत नाही. पण जाग आली नाही म्हणजे शरीराला कळलं नाही असं नसतं. झोपेतसुद्धा मोठा ट्रक गेला की नाडी वाढते, रक्तदाब क्षणभर चढतो, आणि हे मनाच्या सवयीइतकं सहज जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी मार्गदर्शक आकडे काढले, त्यात रस्त्याच्या रहदारीचा रात्रीचा आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या खाली असावा असं आहे. सासूबाईंना बीपी आहे का?

गोडोलीकरीण:
आहे, गोळी चालू आहे. सिस्टर, तुमचं पहिलं वाचून मी फोन सरळ ह्यांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचलं आणि काही बोलले नाहीत. आम्ही खरंच तो विचारच केला नव्हता.

कृष्णानगरचा_बाळ्या:
माझं बीपी अजून तपासलं नाय. आता भ्या वाटायला लागलं.

दस्तऐवज:
वकिली करतो. आवाजावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी कागदावर बोलतो.

आधी आवाजाचंच कायद्यातलं. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. डीजेवाल्याविरुद्ध हे वापरता येतं. धावत्या हायवेविरुद्ध पोलीस ठाण्यात जाऊन काय मागणार? घर घेतल्यावर तो आवाज कायद्याने बंद होईल या भरवशावर राहू नका.

आता जागा. मोकळ्या ग्रामीण भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यरेषेपासून इमारतरेषा (हिच्या आत बांधायचं नाही) ४० मीटर आणि नियंत्रणरेषा (हिच्या आतल्या बांधकामावर महामार्ग खात्याचं नियंत्रण) ७५ मीटर धरतात. शहरी हद्दीत आणि मंजूर आराखड्यात आकडे वेगळे असतात. तुमचं घर ज्या परवानगीने उभं आहे त्या मंजूर रेखांकनावर या रेषा दाखवलेल्या असतात, त्या स्वतः बघा. सातारा पालिकेची हद्दवाढ २०२० साली झाली, त्यामुळे कुठला भाग पालिकेत आणि कुठला ग्रामपंचायतीत यावर लोक गोंधळतात. परवानगी नेमकी कुणी दिली ते कागदावर वाचा.

सातबारा काढा, इतर हक्काचा रकाना वाचा. महामार्गासाठी संपादन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली होतं. कलम ३ए ची अधिसूचना म्हणजे जमीन घेण्याचा इरादा, ३डी ची निघाली की जमीन केंद्राची झाली. तुमच्या गट नंबरातून पूर्वी काही क्षेत्र गेलंय का, गेलं असेल तर उरलेल्याची मोजणी झाली आहे का, हे महत्त्वाचं. भूमी अभिलेखच्या मोजणीची क प्रत, म्हणजे हद्द दाखवणारा मोजणी नकाशा, मागा. बिल्डरने चुन्याने मारलेली रेघ म्हणजे हद्द नव्हे.

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, नोंदणी लागते. नंबर घ्या आणि वेबसाइटवर मंजूर नकाशा उघडून बघा. सेवारस्त्यावरून आत यायचा रस्ता अधिकृत आहे की कुणाच्या तरी शेतातून तोंडी ठरलाय, तेही.

घर वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. विषय वेगळा, पण आठवलं म्हणून.

गोडोलीकरीण:
दस्तऐवजदादा, खूप आभार. सवलतीचं वाचून मुलगा म्हणाला, "म्हणजे बाबा भाडेकरू."

मंगल_कार्यालयाशेजारी:
एक गोष्ट कुणीच विचारली नाही. पुढचा मोकळा प्लॉट कुणाचा? हायवेच्या तोंडाचा प्लॉट मोकळा राहत नसतो. तिथे तीन मजली शोरूम झालं तर देव पावला, तुम्हाला आयती भिंत. गॅरेज झालं तर कॉम्प्रेसर आणि हातोडा. ढाबा झाला तर रात्री दोनपर्यंत गाड्या आणि फोडणीचा धूर. आमच्या पुढे मंगल कार्यालय झालं. तुळशीचं लग्न झालं की आमचं घर जूनपर्यंत वऱ्हाडात असतं. हायवेचा आवाज ऐकू येत नाही हे मात्र खरं.

चुना_विटा_वाळू:
हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. आज तुम्ही मोजलेला आवाज हा त्या प्लॉटच्या मोकळेपणाचा आवाज आहे.

वाई_टू_सातारा:
धुळीचं पण लिहा कुणीतरी. माझी बहीण कराडला हायवेजवळ राहते. शेंद्रेपासून कागलपर्यंत सहापदरीकरणाचं काम निघालं तेव्हा काय धूळ खाल्ली ते तिथल्या लोकांना विचारा. एरवीसुद्धा गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर काळी बारीक पूड बसते. ती माती नाही, डिझेलची काजळी आणि टायरचा चुरा. रस्त्यापासून दोनशे-तीनशे मीटरपर्यंत हवेत फरक असतो. आवाजाला खिडकी लावता येते, हवेला काय लावणार?

चुलतसासऱ्यांच्या_बाजूने:
सगळे एकाच दिशेने चाललेत म्हणून उलटं बोलतो. आमच्या वडलांनी हायवेच्या कडेला गुंठे घेतले तेव्हा गाव हसलं होतं. आज तिथे दोन दुकानांचं भाडं येतं.

दस्तऐवज:
त्यांनी तोंडाचा प्लॉट घेतला असणार. या ताई त्याच्या मागचं घर घेतायत. दुकान पुढच्याचं होणार, हॉर्न यांना.

चुलतसासऱ्यांच्या_बाजूने:
हे मात्र बरोबर बोललात.

माहुलीकर:
विकायला काढाल तेव्हा पण विचार करा. आज तुम्ही जे प्रश्न विचारताय तेच उद्या गिऱ्हाईक विचारणार. ५८ ला घेतलेलं घर विकताना शेजारच्या गल्लीतल्या घरापेक्षा कमीच जाणार. घेताना जेवढी सूट मिळते तेवढी विकताना सोडावी लागते, मधल्या वर्षांची झोप जाते ती वेगळी. म्हणून मी पहिल्या वाक्यात विषय संपवला होता.

एसटीतला_जुना:
नवव्वीतलं पोरगं शाळा-क्लासला सायकल काढणार. सेवारस्त्यावर उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटरसायकली बघितल्यात का? झोपेचं बघताय ते बघा, पण पोरगं गावात जाताना चौक ओलांडणार कुठनं ते आधी बघा.

रातराणी_सिस्टर:
एक सुचवते. बिल्डरचं एखादं तयार घर रिकामं असेल ना? किल्ली मागा आणि मिस्टरांना नाइट संपवून तिथे झोपायला सांगा. नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

अजिंक्यताऱ्याखाली:
हे भारी आहे. गादीसकट जा.

गोडोलीकरीण:
उशिरा लिहितेय, माफ करा. बरंच काही झालं.

बिल्डरला किल्ली मागितली तेव्हा तो आधी हसला, मग म्हणाला, लोक देवघराची दिशा बघायला मागतात, झोपायला कुणी मागितलं नाही. पण दिली. आम्ही शुक्रवार धरला, काकांनी सांगितलं होतं म्हणून. पहिल्या रांगेतल्या त्याच घरात सतरंज्या टाकल्या. रम्बलर नाहीत, पण सेवारस्ता हायवेला मिळतो ती जागा तिरकी समोरच आहे. वरच्या पुढच्या खोलीत मी आणि मुलगा. पहिले तास बरे गेले, त्यानंतर हॉर्न. मुलगा मस्त झोपला. मी छताकडे बघत होते. सासूबाई खालच्या मागच्या खोलीत होत्या. सकाळी विचारलं तर म्हणाल्या, "गोडोलीत कुत्री भुंकतात त्यापेक्षा बरं." म्हणजे ज्यांच्यासाठी एवढी चर्चा केली त्या निवांत.

पुढच्या आठवड्यात ह्यांची नाइट होती. बसमधून उतरून सरळ तिथेच गेले. वरच्या पुढच्या खोलीत झोपून बघितलं, जमलं नाही. खाली मागच्या खोलीत गेले तर दुपारपर्यंत फोन उचलला नाही. आता घरात मागची खोली एक आणि तिच्यावर हक्क सांगणारी माणसं दोन.

बिल्डरला पुढच्या प्लॉटचं विचारलं. म्हणाला, "पार्टीचा आहे, चांगलंच काहीतरी येईल." कुठली पार्टी ते सांगेना. सातबाऱ्यावर वेगळंच नाव आहे.

मग त्यानेच तिसऱ्या रांगेतलं घर दाखवलं. मध्ये दोन रांगा उभ्या आहेत. तिथे हायवे आहे हे कळतं, पण वरच्या मागच्या खोलीत खिडकी उघडी ठेवूनही शेजारच्या नळाचं पाणी ऐकू आलं. ६१ म्हणतो, म्हणजे शाहूपुरीच्या बरोबरीचं. बस चालत अंतरावरच राहते. माहुलीकर, रागावू नका.

माहुलीकर:
रागावतो कशाला. ६१ मध्ये तिसरी रांग असेल तर गणित बदललं. पण ५९ म्हणा. पुढचा प्लॉट कुणाचा ते तो सांगत नाही, त्याची किंमत लावा.

चुना_विटा_वाळू:
तिसरी रांग चालेल. पहिल्या रांगेतली घरं सलग आहेत की मध्ये रस्त्याची फट आहे? तुमच्या घरासमोर सरळ अंतर्गत रस्ता हायवेपर्यंत जात असेल तर आवाज त्याच वाटेने आत येतो. कोपऱ्याचं घर असेल तर नको, मधलं घ्या.

गोडोलीकरीण:
मधलंच आहे. कोपऱ्याचं दाखवत होता "हवा खेळती" म्हणून. चौक ओलांडायचं म्हणाल तर मुलाला सध्या हे सोडणार, नाइट असेल तेव्हा मी. धुळीला उत्तर नाही, गच्चीत कपडे वाळत घालणार नाही एवढंच ठरवलंय.

दस्तऐवज:
टोकन दिलं का?

गोडोलीकरीण:
नाही. मंजूर रेखांकन दिलं, महारेराचा नंबर जुळतो. मोजणीची क प्रत "मिळून जाईल" म्हणतो.

दस्तऐवज:
मिळून जाईल तेव्हा टोकनपण मिळून जाईल म्हणावं.

गोडोलीकरीण:
अगदी हेच शब्द ह्यांनी वापरले. आता एक विचारायचं होतं. वरच्या पुढच्या खोलीला दाबाच्या खिडक्या करायच्या आहेत, बिल्डर स्लायडिंगचे पैसे वजा करायला तयार आहे. साताऱ्यात असं काम नीट करणारा कुणी माहीत आहे का?

वाई_टू_सातारा:
व्यनि केलाय. माप घ्यायला आला आणि "वहिनी, स्लायडिंगच छान दिसेल" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.